तारमास्तरांना आणि सिग्नल्सच्या माजी सैनिकांना खुले पत्र

प्रति,
तार खाते, रेल्वे आणि लष्कराचे सिग्नल्स दल यांतून निवृत्त होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात राहणारे सर्व मोर्स जाणकार यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र लिहिणारा मी बेळगावातील वडगावचा रहिवासी असून उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये गेली बावीस वर्षे लेथवर काम करतो आणि कामावरून घरी आलो की रेडिओचा संच लावून बसतो. आपसात ज्यांना हॅम म्हणतात त्या हौशी रेडिओचालकांपैकी मी एक आहे. आपली आणि माझी ओळख नाही. आपल्यापैकी कोणी तार ऑफिसात एकाच खुर्चीवर नोकरी पुरी केली असेल, कोणी लोंढा-मिरज मार्गावरच्या एखाद्या स्टेशनात तारयंत्र सांभाळले असेल, कोणी जबलपूरला किंवा गोव्याच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकून पुढे कुठल्याशा बर्फात हेडफोन कानाला लावून रात्री काढल्या असतील. निवृत्तीनंतर आपण आपापल्या गावी परतलात, आणि ज्या विद्येवर आपले घर चालले तिच्याविषयी गेल्या कित्येक वर्षांत आपल्याला कोणी एक प्रश्नही विचारला नसेल. तो विचारण्यासाठी हे पत्र आहे. रविवारी सकाळी दोन तास आपण आम्हाला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची ती सांकेतिक लिपी, शिकवायला याल का?

आम्ही म्हणजे सात जण. इंजिनिअरिंग शिकणारी दोन मुले, येळ्ळूरचा एक वायरमन, खानापूरहून येणाऱ्या प्राथमिक शाळेतील एक बाई, गोकाकचे एक कन्नडभाषक औषध दुकानदार, बारावीतील माझी मुलगी आणि मी. यांपैकी परवाना आज फक्त तिघांकडे आहे.

आता कशाला, असे आपण म्हणाल. ज्या दोघा-तिघांना मी घरी जाऊन भेटलो त्यांनी चहा देऊन हेच विचारले, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. आपल्याकडील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी शेवटच्या तारा घेऊन बंद झाली, आणि त्या तारेतूनही मोर्स त्याआधीच, टेलिप्रिंटर आणि पाठोपाठ संगणक आल्यावर, निघून गेली होती. जहाजांवर तिची जागा उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओ संदेशांवर चालणाऱ्या नव्या संकटसंदेश व्यवस्थेने १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे घेतली. हॅम लोकांपुरते बोलायचे तर ३० मेगाहर्ट्झच्या खाली काम करणाऱ्याला मोर्स आलीच पाहिजे ही आंतरराष्ट्रीय अट २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत निघाली आणि आपापले काय ते ठरवण्याची मुभा प्रत्येक देशाला मिळाली; अमेरिकेने २००७ मध्ये परीक्षेतून मोर्स काढूनच टाकली. मी परवान्याची परीक्षा दिली त्या वेळी आपल्याकडे जनरल श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांची मोर्स होती, रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी नव्हती, आणि माझ्या ओळखीच्या कित्येकांनी केवळ ती टाळण्यासाठी खालच्या श्रेणीवर समाधान मानले होते. म्हणजे मोर्सची गरज संपली आहे, हे मला मान्य आहे. गरज संपलेल्या गोष्टी शिकायच्याच नाहीत असे ठरवले तर पखवाज शिकणारा तरी कोण उरेल, एवढे मात्र मी त्या चहाच्या वेळी मनात म्हटले.

माझी पहिली चूक मी आपल्याला सांगितली पाहिजे, कारण तीच चूक आजही बहुतेक नवशिके करतात. मी मोर्स डोळ्यांनी शिकलो. एका जुन्या पुस्तकातला टिंबे-रेघांचा तक्ता मोठा करून मी लेथच्या मागच्या भिंतीवर चिकटवला, आणि ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ आणि पुढे तीन टिंबे, असे पाढे पाठ करावेत तसे पाठ केले. पंधरा दिवसांत सगळी अक्षरे आणि दहा आकडे तोंडपाठ झाले, तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. पुढचे सव्वा वर्ष मी तिथेच होतो. आवाज ऐकायचा, त्यातली टिंबे मोजायची, मनातल्या तक्त्यावर बोट फिरवायचे, अक्षर सापडले की लिहायचे, आणि तोवर पुढची दोन अक्षरे निघून गेलेली असायची. मिनिटाला पाच शब्दांपर्यंत हे जमते, कारण मोजायला वेळ मिळतो. आठाला धाप लागते. दहाच्या पुढे मोजणाऱ्याला जाताच येत नाही, मग तो कितीही हुशार असो. पहिल्या खेपेला मी लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवले आणि मोर्समध्ये आपटलो. माझ्या कागदावर अक्षरांपेक्षा रिकाम्या जागा जास्त होत्या.

खरे तर हे मला घरातच कळायला हवे होते. माझे आजोळ शहापूरचे, आणि मामाच्या घरी खालच्या सोप्यात चार यंत्रमाग चालत. मामा दुपारी माडीवर झोपलेला असला तरी खाली धागा तुटला की उठून बसत असे. आवाज मोठा किंवा लहान झालेला नसे. हजार वेळा ऐकलेल्या ठेक्यात कुठेतरी किंचित पाय घसरल्यासारखे होई, आणि ते त्याला झोपेत कळे. तो धोट्याच्या खेपा मोजत नव्हता. मोर्समध्ये खरे पाहता एकच माप आहे, ते टिंबाचे. रेघ तीन टिंबांची, एका अक्षराच्या आतली फट एका टिंबाची, दोन अक्षरांमधली तिनाची आणि दोन शब्दांमधली साताची. वेग ठरवण्यासाठी पॅरिस हा शब्द धरतात, कारण पुढच्या फटीसकट तो बरोबर पन्नास मापांचा भरतो. म्हणून मिनिटाला आठ शब्दांच्या वेगात टिंब दीडशे मिलिसेकंदांचे होते आणि वीस शब्दांच्या वेगात अवघ्या साठ मिलिसेकंदांचे. साठ मिलिसेकंदांची टिंबे मोजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. के हे अक्षर रेघ, टिंब आणि रेघ असे तीन तुकड्यांत ऐकायचे नसून 'डा-डि-डा' असा एकच बोल म्हणून ऐकायचे असते, जसे तबला शिकणारा 'धातिरकिट' एका दमात ऐकतो. आपल्यासमोर हे सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवण्यासारखे आहे, पण हे पत्र नवी मुलेही वाचतील म्हणून लिहितो.

लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यावरच प्रयोग केले. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून पुऱ्या वेगाने, पण फक्त दोनच अक्षरे ऐकवायची. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर लिहिता आली की तिसरे घालायचे, आणि असे एकेक करत पुढे जायचे. फोनवरचे आजचे बरेचसे धडे के आणि एम या दोन अक्षरांनी सुरू होतात ते त्याच पद्धतीमुळे. फार्न्सवर्थ नावाने ओळखली जाणारी दुसरी रीत अशी की अक्षर वेगातच वाजवायचे, पण दोन अक्षरांमधली फट ताणायची, म्हणजे विचार करायला क्षणभर मिळतो आणि अक्षराचा बोल मात्र बिघडत नाही. मी भिंतीवरचा तक्ता फाडला आणि रोज सकाळी वीस मिनिटे, एकही टिंब न मोजण्याचा निश्चय करून, फक्त ऐकू लागलो. नवे शिकण्यापेक्षा जुने विसरायलाच अधिक दिवस गेले. दुसऱ्या परीक्षेत पास झालो, ते या सकाळच्या वीस मिनिटांमुळे.

इथवर यंत्र पुरते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंत्राची मोर्स छापील बाळबोध अक्षरासारखी असते, आणि छापील पुस्तक घडाघडा वाचणाऱ्या पोरापुढे पणजोबांच्या हातचा मोडीतला कागद ठेवला की त्याचे जे होते, तेच माझे पहिल्यांदा खऱ्या माणसाचा हात ऐकताना झाले. कोणी रेघ लांबवतो, कोणी शब्दांमधली फट गिळतो, कोणाचे टिंब पाचापेक्षा चार बरे अशा घाईचे असते. आणि ऐकण्याचे तरी यंत्राकडून जमेल, पाठवण्याचे काय? माझा हात बिघडला आहे हे फोन मला कधीही सांगणार नव्हता.

ते सांगणारा माणूस मला केवळ योगायोगाने भेटला. खानापूर तालुक्यातील एका लहान ऑफिसातून निवृत्त झालेले तारमास्तर विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट सरळ करून घ्यायला आमच्या वर्कशॉपमध्ये आले होते. माझ्या बाकावर मी फावल्या वेळात बनवत असलेली की, म्हणजे मोर्स पाठवायची कळ, पडलेली होती: बुडाला बिडाचा जड ठोकळा, वर पितळी पट्टीचा दांडा, आणि जुन्या रिलेमधून, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमधून, काढलेले चांदीचे पॉइंट, जे टेकले की वीज वाहते. मास्तरांनी शाफ्टबद्दल बोलता बोलता ती ओढून घेतली, दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले की स्प्रिंग एवढी कडक ठेवलीस तर वर्षात मनगट धरेल. मग खिशातून एक पोस्टकार्ड काढून त्यांनी दोन पॉइंटांच्या मधल्या फटीत घातले. ते अघळपघळ हलत होते. कार्ड जेमतेम अडकेल इतकी फट पुरे, असे सांगून त्यांनी माझ्याच पान्याने स्क्रू आवळला. लेथवर मी शतांश मिलिमीटर मोजून काम करतो. त्या दिवशी मला कळले की फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, पोस्टातही मिळतो.

त्याच आठवड्यात मी मास्तरांना घरी आणून मोठ्या अभिमानाने हेडफोन दिला, आणि त्यांना एक अक्षरही कळले नाही. त्यांचा चेहरा उतरला, आणि माझाही. कारण नंतर लक्षात आले. रेडिओवर मोर्स म्हणजे सूर असतो, आखूड किंवा लांब वाजणारा. तार ऑफिसातल्या साउंडरमध्ये, म्हणजे तार ऐकायच्या यंत्रात, सूर नसतोच, दांडा खाली आपटताना एक टक् होते आणि वर जाताना वेगळ्या आवाजाचे दुसरे, आणि या दोहोंमधला अवकाश थोडा की जास्त यावरून टिंब आणि रेघ ओळखायची असते. मास्तरांचा कान चाळीस वर्षे कडकट्ट ऐकण्यात तयार झाला होता, त्याला ही शिट्टी परकी होती. पुढच्या रविवारी मी बारा व्होल्टचा एक रिले बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर स्क्रूने बसवला आणि कीची वायर त्याला जोडली. डबा वाजू लागताच मास्तरांनी पाठ सरळ केली आणि हात पुढे करून पेन्सिल मागितली. सुराची सवय व्हायला त्यांना पुढे दोन महिने लागले. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आपल्यापैकी जे पोस्टातून किंवा रेल्वेतून निवृत्त झाले आहेत त्यांनी आमच्याकडे येऊन पहिल्या दिवशी काही कळले नाही तर संकोच मानू नये. तो डबा अजून शाबूत आहे.

मास्तरांची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. आषाढातला पाऊस होता आणि गल्लीतली वीज गेली होती. वीज गेली की घरचे वैतागतात आणि हॅम मनातून सुखावतो, कारण गल्लीतले एलईडी दिवे आणि चार्जर मिळून चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे हॅमच्या वापरातल्या लहरींच्या एका पट्ट्यावर, जी खरखर ओततात ती एकदम थांबते आणि लांबची क्षीण स्टेशने चांदण्यांसारखी वर येतात. संच बॅटरीवर चालू होता. मास्तर कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहीत होते आणि त्याच वेळी माझ्या पत्नीला चहात साखर कमी घालायला सांगत होते. मी कान देऊन ऐकत होतो, आणि माझ्या लक्षात आले की त्यांची पेन्सिल आवाजाच्या दोन-तीन शब्द मागून चालली आहे. स्टेशन थांबले तरी ते लिहीतच राहिले, वाक्य पुरे केले, आणि मग पेन्सिल ठेवली. कान पुढे गेलेला आणि हात सावकाश मागून येणारा, ही किमया मी तोवर फक्त ऐकून होतो. मी त्यांना विचारले की हे कसे शिकायचे. ते म्हणाले, घाई करायची नाही, गेलेले अक्षर गेले, त्याच्यामागे धावलास तर पुढची चार जातात.

हॅमच्या बोलीत तार खात्याचे किती उष्टे आहे हेही मला त्यांच्यामुळेच कळले. निरोप घेताना आम्ही सारे हॅम त्र्याहत्तर हा आकडा पाठवतो. त्याचा अर्थ शुभेच्छा, आणि तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या तारवाल्यांच्या आकडी खुणांमधून आला आहे. मी हे मास्तरांना कौतुकाने सांगितले तेव्हा ते हसले, कारण आपल्याकडेही दिवाळीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांची ठरलेली वाक्ये आकड्यांनीच जात, आणि काउंटरवर उभा असलेला माणूस यादीत बोट ठेवून नुसता आकडा सांगत असे.

माझा हात त्यांनी पहिल्यापासून घडवायला घेतला. आपल्या देशाच्या हॅमची ओळख व्ही आणि यू या अक्षरांनी सुरू होते आणि त्यापुढे बहुधा दोन किंवा तीनचा आकडा येतो. व्ही म्हणजे डि-डि-डि-डा, यू म्हणजे डि-डि-डा, दोन म्हणजे डि-डि-डा-डा-डा. सगळ्यांची सुरुवात टिंबांनी, आणि टिंबे म्हटली की नवशिक्याचे बोट उतारावरच्या सायकलीसारखे सुटते. मी एक टिंब जास्त घालत असे, त्यामुळे व्हीचा चार होई आणि ऐकणाऱ्याला वाटे की हे स्टेशन भलत्याच देशाचे आहे. मास्तरांनी माझ्या मनगटाखाली आपली दोन बोटे ठेवली आणि तसेच पाठवायला सांगितले. जोर बोटांतून आला की त्यांची बोटे हलत नसत, मनगटातून आला की हलत. एवढ्यावरून ते पाठ फिरवूनही माझी चूक सांगत. शाळेत अक्षराला वळण लागावे म्हणून गुरुजी हात धरून गिरवून घेत, तसे ते गिरवणे होते, आणि हाताला लागलेले वळण कागदावर नसले तरी आवाजात राहते. एक तारवाला दुसऱ्याला नाव न सांगता नुसत्या हातावरून ओळखत असे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी माझा हात अर्धाच घडवला, आणि तो अर्धवट घडलेला हात आता मी या सहा जणांना शिकवतो आहे. माझी खोड त्यांच्यात उतरते आहे, हे मला स्वच्छ ऐकू येते; माझी मुलगी व्हीनंतर नेमकी माझ्यासारखीच अडखळते. या पत्राची घाई त्यामुळे आहे. आपल्यातला जो सर्वांत तरुण असेल तोही बहुधा साठीच्या पुढे असणार, हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते न लिहिणेही प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

माइक धरून बोलण्याऐवजी हा खटाटोप का, याचे एक कोरडे तांत्रिक उत्तर आहे आणि ते मला फार आवडते. माणसाचा आवाज पाठवायला एसएसबी या हॅमच्या नेहमीच्या पद्धतीत साधारण अडीच किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला शे-दीडशे हर्ट्झ पुरतात. तीच शक्ती इतक्या अरुंद पट्टीत एकवटते, आणि ऐकणाराही आपल्या संचाची खिडकी तेवढीच बारीक करून बाकीची खरखर बाहेर ठेवतो. शिवाय खरखरीत बुडालेले बोलणे कळेनासे झाल्यावरही एक सूर आहे की नाही हे कानाला बराच वेळ कळत राहते. मी वापरतो तो संच पाच वॉटचा आहे. देवघरातला जुना झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त वीज खात असे. आमच्या नारळाच्या झाडापासून शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मी सुमारे वीस मीटर तांब्याची तार दोन सारख्या भागांत ताणली आहे, तीच माझी अँटेना. गेल्या हिवाळ्यात एका रात्री या तारेवरून इंडोनेशियातील एका स्टेशनाशी बोलणे झाले. त्याचा सूर दर मिनिटाला विरत होता आणि पुन्हा वर येत होता, माझे गाव त्याला तीनदा सांगावे लागले, आणि बेळगावचा बी त्याने आधी सहाचा आकडा समजून घेतला, कारण त्या दोहोंत फक्त एका टिंबाचा फरक आहे. अकरा मिनिटांत आम्ही एकमेकांना नाव, गाव आणि हवा एवढेच सांगू शकलो. त्या रात्री माइकवर मला पलीकडच्या गल्लीनेही ऐकले नसते.

लोकांपुढे मोर्सचे नाव काढले की लगेच पुराची गोष्ट निघते, आणि इथे मला थोडे फटकून बोलायचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेने जे केले ते आपण सर्वांनी पाहिले, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी येऊन महामार्ग बंद पडला, आणि २०२१ च्या जुलैत तेच पुन्हा झाले. संकटात हॅम उपयोगी पडले याची खरी उदाहरणे आहेत: २००१ च्या भूजच्या भूकंपात ते होते, आणि २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात रेडिओच्याच कामासाठी गेलेले असल्याने पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवू शकले. पण हे काम मुख्यतः आवाजावर चालते, आणि २०१९ च्या पुरात माझ्या कीने कोणाचा जीव वाचवला असे मी सांगितले तर ती थाप होईल. तेव्हा गावे वाचवली ती नावाड्यांनी, जवानांनी आणि दोर घेऊन उतरलेल्या पोरांनी. जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातल्या वाड्यांत मोबाइल लागत नाही हे खरे, आणि तिथे बॅटरीवरचा लहान संच कामी येऊ शकतो हेही खरे. म्हणून कोणी मोर्स शिकावी असे मात्र मी म्हणणार नाही. पुराच्या नावाने शिकवणीला आणलेला मुलगा दसऱ्यापर्यंत टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. ज्याला तो सूर ऐकून मजा येते तोच टिकतो.

सिग्नल्समधल्या माजी सैनिकांना वेगळे सांगायचे आहे. आपल्या नोकरीतील कामकाजाबद्दल, ठिकाणांबद्दल किंवा संदेशांबद्दल आम्ही एक शब्द विचारणार नाही, आणि आमच्यातल्या एखाद्या उत्साही मुलाने विचारलाच तर आपण त्याला खुशाल गप्प करावे. आपल्याकडे जे आहे आणि पोस्टातल्या मास्तरांकडेही बहुधा नाही, ते म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांचे पाच-पाचांचे गट न चुकता उतरवण्याची शिस्त. शब्द ओळखीचा असला की मन पुढचे अक्षर स्वतःच लिहून टाकते आणि कान आळशी होतो. निरर्थक गटांत ती लबाडी चालत नाही. आमच्या दोन्ही इंजिनिअरिंगच्या पोरांना नेमकी हीच खोड आहे, ते ऐकण्याआधी ओळखतात. त्यांना महिनाभर असे गट आपल्या हातून ऐकायला मिळाले तर त्यांची ही हुशारी उतरेल.

भाषेची काळजी करू नये. आपल्यापैकी कोणी मराठी बोलणारे, कोणी कन्नड, कोणी दोन्हींची खिचडी करणारे असाल, तसेच आम्हीही आहोत. पाठवणाऱ्याने वेग कमी करावा यासाठी हॅमच्या भाषेत क्यूआरएस अशी खूण आहे. आमच्या माडीवर येळ्ळूरचा वायरमन 'हळू' म्हणतो, गोकाकचे दुकानदार 'निधान' म्हणतात आणि माझी मुलगी टेबलावर बोटाने क्यूआरएस वाजवते. इतर सगळ्या पाट्यांवरून वाद होणाऱ्या या गावात गेल्या दोन वर्षांत आमच्या वर्गात फक्त एका गोष्टीवरून भांडण झाले, ते पंखा चालू ठेवायचा की बंद, कारण त्याच्या रेग्युलेटरची गुणगुण संचात शिरते.

आता व्यवहाराचे. शिकवण्यासाठी आपल्याला कोणताही परवाना लागत नाही, कारण सराव आम्ही साध्या ऑसिलेटरवर करतो. त्यातून सूर फक्त खोलीत वाजतो, हवेत काही जात नाही. हवेत पाठवण्याचे काम परवाना असलेलेच करतील. आपल्याला काही तयारी करून यायचे नाही. आपण हाताने पाठवावे आणि आम्ही उतरवावे, मग आम्ही पाठवावे आणि आपण नावे ठेवावीत, एवढेच. वेग आपल्याला सोसेल तो. आम्ही आज दहा-बाराच्या पुढे नाही. आपली हरकत नसेल तर आपला हात आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवू, म्हणजे आपण नसाल त्या रविवारीही त्याच्यावर सराव करता येईल. कोणाच्या माळ्यावर जुना साउंडर किंवा की धूळ खात असेल तर ती मोडीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवावी. स्प्रिंग, पिन, पॉइंट, जे लागेल ते मी लेथवर करून देईन आणि वस्तू आपली आपल्याला परत मिळेल. मानधन देण्याची आमची ऐपत नाही. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून येणाऱ्यांचे एसटीचे भाडे आम्ही वर्गणीतून देऊ, आणि ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांच्या घरी महिन्यातून एक रविवार आम्ही सातही जण डबा आणि बॅटरी घेऊन येऊ.

वर्ग सकाळी नऊ ते अकरा, वडगावात आमच्या घराच्या माडीवर भरतो. जिना अरुंद आहे आणि खालून तिसरी फळी ढिली आहे. ती या आठवड्यात बदलून घेतो, तरी जपून यावे.

आपला नम्र,
वडगावचा एक हौशी रेडिओचालक,
बेळगाव